देशी रानफुले आणि परागवाहक कीटक : घरच्या बागेत दोघांचीही सोय कशी करावी?

रानजाई :

बागेत मधमाश्या आणि फुलपाखरे यावीत म्हणून काय लावावे, असे कोणी विचारले की उत्तरादाखल बहुधा रंगीत फुलांची यादी मिळते. ती यादी उपयोगी असते, परंतु ती कीटकाच्या आयुष्यातील एकाच टप्प्याचा विचार करते. फुलपाखराला मकरंद लागतो हे खरे, पण त्याआधी ते अळी असते आणि त्या अळीला तिच्या जातीची ठरलेली झाडेच चालतात. एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्यांना पराग तर हवेतच, शिवाय घरट्यासाठी उघडी जमीन किंवा पोकळ काडी हवी असते. या गोष्टी नसतील तर कीटक आपल्या बागेत येतात, मकरंद पितात आणि निघून जातात. त्यांची पुढची पिढी तेथे तयार होत नाही. म्हणून या धाग्यावर फुलांबरोबरच पाने, माती आणि वाळलेल्या काड्या यांविषयीही सविस्तर बोलावे, अशी माझी इच्छा आहे.

परागीभवन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पोळे करणारी मधमाशी येते. जगात मधमाश्यांच्या सुमारे 20,000 जाती आहेत आणि त्यांतील बहुसंख्य जाती पोळे करत नाहीत, मध साठवत नाहीत. मादी एकटीच घरटे करते, त्यात परागाचा गोळा ठेवते, त्यावर अंडे घालते आणि तोंड बंद करून पुढचे घरटे करायला लागते. यांपैकी सुमारे 70 टक्के जाती जमिनीत बीळ करतात. याखेरीज फुलमाश्या, पतंग, भुंगेरे आणि काही ठिकाणी पक्षीही हेच काम करतात. जैवविविधतेवरील आंतरशासकीय मंचाने 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यांकनानुसार जगातील सपुष्प रानवनस्पतींपैकी जवळजवळ 90 टक्के वनस्पती परागीभवनासाठी कमीअधिक प्रमाणात प्राण्यांवर अवलंबून आहेत.

देशी फुलांचा आग्रह कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. एखाद्या प्रदेशातील वनस्पती आणि कीटक फार दीर्घ काळ एकमेकांच्या सहवासात घडलेले असतात. फुलाच्या नळीची लांबी, ते उमलण्याची वेळ, पानांतील रसायने या सगळ्याशी तेथील कीटकांचे शरीर आणि ऋतुचक्र जुळलेले असते. कोणती वनस्पती देशी हे अर्थातच प्रदेशानुसार बदलते. येथील बहुतेक सदस्यांना परिचित म्हणून मी दख्खन आणि सह्याद्रीच्या परिसरातील उदाहरणे देत आहे. पावसाळ्यात तेरडा आणि द्रोणपुष्पी, पाऊस सरल्यावर कोरांटी, थंडीत अडुळसा, थंडी संपता संपता धायटी, आणि तुळस व रुई जवळजवळ वर्षभर, असा क्रम लावला तर बागेत कधीही उपासमारीचा काळ येत नाही. एकाच महिन्यात सारे बहरून नंतर चार महिने शुकशुकाट असणारी बाग दिसायला कितीही सुंदर असली तरी मधमाश्यांच्या फारशी कामाची नाही.

मला विशेष प्रिय असलेल्या तरवडाविषयी थोडे अधिक लिहितो. त्याच्या पिवळ्या फुलात मकरंद नसतो आणि परागकोश इतर फुलांप्रमाणे उभे उकलत नाहीत. त्यांच्या टोकाला फक्त बारीक छिद्रे असतात. काळा भुंगा फुलावर येतो, पुंकेसरांना पायांनी कवटाळतो आणि पंख जागच्या जागी ठेवून छातीचे स्नायू थरथरवतो. त्या क्षणी त्याच्या गुणगुणण्याचा सूर एकदम चढतो आणि छिद्रांतून परागाची बारीक भुकटी त्याच्या पोटावर उडते. शेजारी उभे राहिले तर हा बदललेला सूर स्पष्ट ऐकू येतो. निळ्या पट्ट्यांची एकटी मधमाशीही हे करू शकते. पोळ्यातल्या सातेरी किंवा आग्या मधमाशीला ते जमत नाही. टोमॅटो आणि वांगे यांच्या फुलांची रचनाही अशीच असल्यामुळे, भाजीच्या वाफ्याजवळ तरवड असल्यास या माश्यांचे येणेजाणे वाढून भाजीलाही त्याचा लाभ मिळतो.

लावताना एका जातीची रोपे विखरून न लावता किमान हातभर रुंदीच्या पट्ट्यात एकत्र लावावीत. मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर जाते. फुले जवळजवळ असली की तिचे श्रम वाचतात आणि फुलाला त्याच्याच जातीचे पराग मिळतात.

सुरंगी :

विषय फार मोलाचा आहे, धन्यवाद. माझ्याकडे जमीन नाही, केवळ गॅलरी आणि त्यात अर्धा दिवस ऊन आहे. इतक्या लहान जागेत लावलेल्या चार कुंड्यांचा कीटकांना खरोखर उपयोग होतो का, की ते केवळ आपले समाधान असते?

रानजाई :

सुरंगीताई, उपयोग निश्चित होतो. लहान आकाराच्या एकट्या मधमाश्या घरट्यापासून काहीशे मीटरच्या पलीकडे सहसा जात नाहीत. त्यांच्या दृष्टीने दोन मोठ्या बागांच्या मधला सिमेंटचा पट्टा हा मोठाच अडथळा असतो आणि त्यात एखादी फुललेली गॅलरी आली तर तो अडथळा तुटतो.

गॅलरीसाठी तुळशीपासून सुरुवात करावी, असे मी सुचवीन. आपण रोप दाट राहावे म्हणून मंजिऱ्या खुडत राहतो. दोन कुंड्यांपैकी एका कुंडीतल्या मंजिऱ्या पूर्ण फुलू द्याव्यात. सकाळी ऊन चढू लागले की त्यांवर फुलोरी मधमाश्या येऊ लागतात. त्या इतक्या लहान असतात की पुष्कळांना त्या मधमाश्या आहेत हे लक्षातच येत नाही. सोबत कोरांटीची एक रुंद कुंडी आणि पावसाळ्यात तेरडा ठेवावा. तेरडा मात्र एकेरी पाकळ्यांचा घ्यावा. गुलाबासारखा भरगच्च दिसणारा दुहेरी तेरडा शोभेसाठी निवडून तयार केलेला आहे. अशा भरगच्च फुलांत पुंकेसरांच्या जागी पाकळ्या आलेल्या असतात आणि मकरंदापर्यंत पोहोचण्याची वाटही बहुधा बंद झालेली असते.

पाकोळी :

फुलपाखरांच्या बाजूने काही मुद्दे मांडते, कारण अळीच्या झाडांचा विषय बहुतेक चर्चांमध्ये मागे पडतो.

कढीपत्ता आणि लिंबाच्या कुळातील झाडांवर निलवंताची आणि त्याच्या भाऊबंदांची अंडी मिळतात. निलवंत हे महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे आणि त्याला तो मान 2015 मध्ये मिळाला. कोवळी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी करडी-पांढरी दिसते आणि त्यामुळेच वाचते. मोठी झाली की ती पानासारखी हिरवी होते. रुईवर नारिंगी रंगाच्या बिबळ्या कडव्याची पट्टेदार अळी वाढते. रुईच्या चिकात विषारी द्रव्ये असतात, ती अळीच्या शरीरात साठतात आणि पुढे फुलपाखरातही राहतात, त्यामुळे पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. रुई लावताना तिचा चीक डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्यावी आणि लहान मुलांच्या वावरापासून ती लांब ठेवावी.

खुळखुळ्याविषयी कोणी लिहिलेले दिसत नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगते. त्याच्या पिवळ्या फुलांवर भुंगे येतातच, पण खरी गंमत त्याच्या वाळत चाललेल्या पानांवर आणि शेंगांवर पाहायला मिळते. रुईवर वाढणाऱ्या गटातील नर फुलपाखरे तेथे घोळक्याने बसतात, पायांनी पान खरवडतात आणि सोंडेने त्यातील रस शोषतात. त्या रसात जी अल्कलॉइड द्रव्ये असतात, त्यांपासून हे नर मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात. म्हणजे एकाच बागेत अळीसाठी रुई, गंधासाठी खुळखुळा आणि मकरंदासाठी इतर फुले अशा तीन वेगवेगळ्या गरजा एकाच जातीच्या असतात. तीच द्रव्ये गुराढोरांना आणि माणसांनाही घातक असल्याने खुळखुळ्याचे बी किंवा पाला कोणाच्या तोंडी जाणार नाही, हे मात्र पाहावे.

पाने कुरतडलेली दिसली की फवारणी करण्याची सवय आपल्याला मोडावी लागेल. ज्या झाडाचे पान कोणीच खात नाही, ते झाड फुलपाखराला जन्म देत नाही.

मृण्मय :

रानजाई, आपले बाकी म्हणणे मला पटले, परंतु उघड्या जमिनीविषयी माझी शंका आहे. आम्ही सेंद्रिय पद्धतीने बाग करणारे लोक माती कधीही उघडी ठेवू नये असे मानतो. पालापाचोळ्याच्या आच्छादनामुळे ओल टिकते, गांडुळे वाढतात, उन्हाने माती मरत नाही. मधमाश्यांसाठी ते काढून टाकायचे म्हणजे एकाचे नुकसान करून दुसऱ्याचा फायदा करण्यासारखे नाही का?

रानजाई :

मृण्मय, आच्छादनाचे फायदे आपण सांगितले तसेच आहेत आणि भाजीच्या वाफ्यात मीही ते वापरतो. सगळे आच्छादन काढावे असे माझे म्हणणे नाही. बागेच्या एखाद्या उंचवट्याच्या, पाण्याचा निचरा चांगला होणाऱ्या आणि सकाळचे ऊन मिळणाऱ्या कोपऱ्यात एखाद्या सतरंजीएवढी जागा न खणता, न झाकता आणि न तुडवता सोडावी. जमिनीत राहणाऱ्या मधमाशीला जाड पाचोळ्यातून किंवा तण रोखण्याच्या कापडातून खाली जाता येत नाही. शिवाय तिची पिल्ले जवळजवळ वर्षभर मातीखाली असतात, म्हणून ती जागा वारंवार खणली तर पुढची पिढीच नष्ट होते. तेथे पेन्सिलीच्या जाडीची भोके आणि भोवती बारीक मातीची रास दिसली, तर ती मुंग्यांची समजून त्यात पाणी किंवा पावडर ओतण्यापूर्वी थोडा वेळ थांबून पाहावे. पायांवर पिवळी भुकटी घेतलेली माशी आत शिरताना दिसली तर ते तिचे घर आहे.

पानांच्या कडेला कंपासने आखल्यासारखे गोल काप दिसतात, तेही अळीचे काम नसते. पान कापणारी मधमाशी ते तुकडे घरट्याच्या अस्तरासाठी नेते. झाडाला त्याने काही अपाय होत नाही.

गच्चीवरचा माळी :

दोन अडचणी आहेत. गावाकडून आणलेले तरवड आणि खुळखुळ्याचे बी मी दोन वेळा पेरले, पण बहुतेक उगवलेच नाही. आणि तेरडा उगवला, वाढलाही भरपूर, मात्र पानेच पाने आहेत आणि फुले तुरळक. खत नियमित देत आहे.

बीजांकुर :

माळीबुवा, दोन्ही अडचणींची कारणे वेगळी आहेत.

शेंगा येणाऱ्या बहुतेक रानवनस्पतींच्या बियांचे कवच पाणी आत जाऊ देत नाही. निसर्गात ते कवच उन्हाने, घासण्याने आणि काळाने झिजते, म्हणून सगळे बी एकाच वर्षी उगवत नाही. एखादे वर्ष पावसाने दगा दिला तरी जमिनीत काही बी शिल्लक राहावे अशी ती व्यवस्था आहे. आपल्याला लवकर उगवण हवी असेल तर बी दोन सॅंडपेपरच्या मध्ये धरून कवचाचा तुकतुकीतपणा जाईपर्यंत हलके घासावे आणि रात्रभर साध्या पाण्यात भिजवावे. सकाळी जे बी फुगून टपोरे झाले असेल ते लगेच पेरावे. जे तसेच कडक राहिले असेल ते पुन्हा घासावे. द्रोणपुष्पी आणि तुळस यांचे बी अगदी बारीक असते. ते कोरड्या वाळूत मिसळून मातीच्या पृष्ठभागावर भुरभुरावे, हाताने हलके दाबावे आणि वर मातीचा थर देऊ नये.

तेरड्याला खत जास्त होत असावे. बहुतेक रानफुले मुरमाड, हलक्या जमिनीत वाढलेली असतात. नत्र भरपूर मिळाले की ती पालाच वाढवतात आणि फुलणे पुढे ढकलतात. खत थांबवावे आणि सावली असेल तर कुंडी उजेडात आणावी. तेरड्याची शेंग फुगून फिकट हिरवी झाली की बोट लागताच उकलते आणि बी लांब उडते, म्हणून बी गोळा करायचे असल्यास शेंगेवर पातळ कापडाची पुरचुंडी आधीच बांधावी.

एक विनंती सर्वांनाच आहे. राखीव जंगले आणि फुलांची पठारे येथून रोपे किंवा कंद उपटून आणू नयेत. ज्या झाडांना विशिष्ट खडक, विशिष्ट पाऊस आणि विशिष्ट उंची लागते ती घरी टिकत नाहीत आणि तेथील साठा मात्र कमी होतो. रस्त्याकडेच्या किंवा शेताच्या बांधावरच्या सर्वसामान्य जातींचे थोडे बी, तेही बहुतांश बी झाडावर ठेवून, घ्यावे.

सुरंगी :

मध्येच विचारते. झिनिया, कॉसमॉस आणि टणटणी यांवर मी फुलपाखरांची एवढी गर्दी पाहिली आहे की देशी फुलांवर ती क्वचितच दिसते. मग ही झाडे वाईट कशी म्हणायची?

पाकोळी :

सुरंगीताई, गर्दी खरी आहे. टणटणीत मकरंद मुबलक असतो. परंतु ती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील. 19व्या शतकाच्या सुरुवातीस शोभेचे झाड म्हणून भारतात आली आणि पक्ष्यांनी तिची फळे खाऊन बी पसरवल्यामुळे जंगलांच्या फार मोठ्या क्षेत्रावर पसरली. तिच्या जाळीखाली देशी झुडपांची रोपे वाढू शकत नाहीत, म्हणजे ज्या फुलपाखरांना ती मकरंद देते त्यांच्याच अळ्यांची झाडे ती हटवते. ती बागेत लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कॉसमॉसही बागेबाहेर सहज पसरतो, म्हणून त्याचे बी पडण्याआधी बोंडे काढावीत, किंवा तो लावूच नये. झिनियाचे तसे नाही; ती मेक्सिकोची असली तरी फारशी रानात पसरत नाही. एकेरी झिनिया मकरंदासाठी ठेवायला माझी हरकत नाही, फक्त मुख्य जागा देशी झाडांना असावी. ‘रानफुलांचे मिश्रण’ म्हणून मिळणाऱ्या पाकिटांत बहुधा असेच परदेशी बी असते, तेव्हा त्यावरील जातींची नावे वाचल्याखेरीज ते घेऊ नये.

परदेशी झाड कधी कधी प्रत्यक्ष सापळाही ठरते. ऑस्ट्रेलियातील रिचमंड बर्डविंग हे मोठे फुलपाखरू बागांमध्ये लावलेल्या दक्षिण अमेरिकी बदकवेलीला आपल्याच वेलीची नातेवाईक समजून तिच्यावर अंडी घालते आणि बाहेर आलेल्या अळ्या ती पाने खाऊन मरतात. आपल्याकडे याच कुळातील देशी सापसन वेलीवर काळ्या-लाल रंगाच्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. वेल लावायचीच असेल तर सापसन लावावी.

दूरदेशी :

मी बर्फ पडणाऱ्या प्रदेशात राहतो, त्यामुळे वरील झाडे येथे लावता येणार नाहीत, तरी तत्त्वे तंतोतंत लागू पडतात हे आवर्जून सांगावेसे वाटते. येथील पुष्कळ रानफुलांच्या बियांना उगवण्यापूर्वी काही आठवडे थंडी आणि ओल दोन्ही लागतात, म्हणून बी शरद ऋतूतच जमिनीवर टाकतात किंवा ओल्या वाळूत घालून फ्रिजमध्ये ठेवतात. ब्रिटनमध्ये 1930च्या दशकापासून रानफुलांची सुमारे 97 टक्के कुरणे नाहीशी झाली. ती पुन्हा उभी करताना यलो रॅटल नावाचे पिवळे फूल आधी पेरतात. त्याची मुळे गवताच्या मुळांतून अन्न ओढून घेतात, गवताचा जोर ओसरतो आणि इतर फुलांना जागा मिळते. हिरवळीचा एखादा तुकडा अशा रीतीने बदलता येतो, मात्र कापलेले गवत तेथून उचलून न्यावे लागते. ते तेथेच कुजले की जमीन पुन्हा सुपीक होते आणि गवत वरचढ होते.

गच्चीवरचा माळी :

बीजांकुर, आपण सांगितलेली पद्धत या खेपेस करून पाहतो. आणखी एक प्रश्न आहे. मावा पडला की मी कडुनिंबाचे तेल फवारतो. ते वनस्पतीजन्य आहे म्हणून सुरक्षित समजावे का? आणि शेजाऱ्यांना मधमाश्यांची भीती वाटते, त्यांना काय सांगावे?

रानजाई :

कडुनिंबाचे तेल रासायनिक औषधांपेक्षा सौम्य असले तरी कोवळ्या अळ्यांची वाढ ते रोखते, म्हणून अळ्यांसाठी लावलेल्या झाडांवर तेही फवारू नये. मावा पाण्याच्या धारेने धुऊन काढावा, किंवा काही दिवस तसाच सोडावा. फुलमाशीची मादी माव्याच्या वसाहतीजवळच अंडी घालते आणि तिच्या अळ्या मावा फस्त करतात. ही फुलमाशी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांमुळे मधमाशीसारखी दिसते, पण तिला चार पंखांऐवजी दोनच पंख असतात, ती हवेत एका जागी स्थिर तरंगते आणि तिला नांगी नसते.

निओनिकोटिनॉइड वर्गातील औषधांपासून पूर्ण दूर राहावे. ती झाडाच्या रसात शिरतात आणि पराग व मकरंद यांतही उतरतात, त्यामुळे फुलावर थेट फवारा न मारताही माशीला विषबाधा होते. त्यांपैकी इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या तिन्हींच्या उघड्यावरील वापरावर युरोपीय संघाने 2018 मध्ये बंदी घातली. रोपवाटिकेतून रोप आणताना त्यावर असे काही मारले आहे का, हे अवश्य विचारावे.

शेजाऱ्यांना एवढे सांगता येईल की एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांना राखण्यासाठी पोळे नसते आणि त्या पकडल्या किंवा दाबल्या गेल्याखेरीज सहसा डंख करत नाहीत. नरांना तर नांगीच नसते. फुलावर अन्न गोळा करणारी पोळ्यातली माशीही आपल्या कामात असते. आग्या मधमाशीच्या पोळ्याजवळ जाणे ही निराळी गोष्ट आहे आणि तेथे सावधच असावे. याच संदर्भात मधमाशीपालनाच्या पेट्यांविषयीही सांगतो : परागवाहकांसाठी म्हणून घरच्या बागेत पेटी ठेवण्याची गरज नसते. फुले थोडी असतील तर पेटीतील हजारो माश्या तोच मकरंद संपवतात आणि एकट्या मधमाश्यांच्या वाट्याला कमी उरतो.

मृण्मय :

सतरंजीएवढ्या जागेची तडजोड मला मान्य आहे. दक्षिणेकडचा बांध तसा सोडतो. आता हंगाम संपल्यावरचे सांगावे. द्रोणपुष्पी आणि तेरडा वाळून काड्या झाले आहेत आणि घरचे लोक ते उपटून टाकण्याचा आग्रह धरत आहेत.

रानजाई :

बी पूर्ण पिकून गळेपर्यंत काहीही उपटू नये, कारण पुढच्या पावसात तीच जागा आपोआप भरते. त्यानंतर तेरड्यासारखी मऊ खोडे जमिनीलगत कापून तेथेच पसरावीत. जाड, पोकळ किंवा मऊ गाभ्याची खोडे मात्र जमिनीपासून एक ते दीड फुटावर, कमीजास्त उंचीवर कापून उभी ठेवावीत. काही मधमाश्या त्या कापलेल्या टोकातून आत शिरून घरटी करतात. घरच्यांना पसारा वाटत असेल तर वाफ्याची पुढची कड नीट आखून घ्यावी आणि कापलेल्या खोडांची जुडी बांधून पावसाचे पाणी लागणार नाही अशा आडोशाला भिंतीशी टेकवून ठेवावी. एखाद्या काडीचे तोंड चिखलाने किंवा पानाच्या तुकड्यांनी बंद झालेले दिसले तर आत पिल्ले आहेत. ती जुडी हलवू नये आणि जाळू तर मुळीच नये, कारण त्यांना बाहेर पडायला पुढचा फुलोरा येईपर्यंतचा काळ लागू शकतो.